सनदेनंतरची पदवी

प्रवेशाचे पत्र आले तेव्हा मी एका सिमेंट कंपनीच्या कर्जफेडीच्या क्षमतेवर टिपण लिहीत होते. वित्तशास्त्राच्या एक वर्षाच्या पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आपली निवड झाली असून जागा राखून ठेवण्यासाठी तीन आठवड्यांच्या आत होकार आणि अनामत रक्कम पाठवावी, असे त्यात लिहिले होते. टिपण अर्धवट ठेवून मी ते पत्र दोनदा वाचले आणि व्हायला हवा होता तितका आनंद मला झालेला नाही, हे माझ्या लक्षात आले. आठ महिन्यांपूर्वी अर्ज करताना जो प्रश्न मी सोयीस्करपणे बाजूला सारला होता, तो आता मुदत घेऊन परत आला होता. सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट) ही गुंतवणूक-विश्लेषकांची व्यावसायिक सनद हातात आहे, कर्जरोख्यांच्या पतमूल्यांकनाचे दहा वर्षांचे काम पाठीशी आहे, मग त्याच विषयातली पदवी मला आणखी काय देणार?

सल्ले मागितले तितके मिळाले. ज्यांच्याकडे सनद होती त्यांना पदवी हा वेळेचा अपव्यय वाटत होता. ज्यांच्याकडे पदवी होती त्यांच्या मते सनद ही पाठांतराची परीक्षा होती. ज्यांच्याकडे दोन्ही होत्या ते ‘दोन्ही असलेल्या बऱ्या’ असे म्हणाले. पण दुसरी नेमकी कोणत्या प्रसंगी उपयोगी पडली असे विचारल्यावर त्यांना बराच वेळ आठवावे लागले. प्रत्येक जण आपण केलेल्या खर्चाचे समर्थन करत होता, आणि मीही तेच करणार होते.

चार्टर या शब्दासाठी मराठीत सनद हा जुना, नेटका शब्द आहे, म्हणून मी तोच वापरते. ही सनद विद्यापीठ देत नाही आणि तिचा जन्मही विद्यापीठात झालेला नाही. रोख्यांचे विश्लेषण करणाऱ्यांना काही व्यावसायिक दर्जा असावा आणि तो परीक्षेने ठरावा, ही कल्पना गुंतवणूक-विश्लेषक बेंजामिन ग्रॅहॅम यांनी १९४२ साली न्यूयॉर्कमधील विश्लेषकांच्या संघटनेपुढे ठेवली. अनुभवाची परीक्षा कागदावर कशी घेणार, असा आक्षेप खुद्द त्या व्यवसायातूनच आला. १९४५ मध्ये विश्लेषकांच्या नियतकालिकात ग्रॅहॅम यांनी अनुकूल आणि ल्यूसियन हूपर यांनी प्रतिकूल बाजू मांडली. प्रत्यक्ष पहिली परीक्षा व्हायला मात्र १९६३ चा जून उजाडावा लागला. त्या दिवशी २८४ जण परीक्षेला बसले. त्यांत २७८ पुरुष होते आणि ६ स्त्रिया. (त्या सहा जणींविषयी मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. तो पेपर त्यांना नोकरीत वर जाण्यासाठी हवा होता, की आपल्याला हे येते हे एकदाचे कोणीतरी लिहून द्यावे म्हणून?)

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की सनद मुळात कामावर असलेल्या माणसांनी कामावर असलेल्या माणसांसाठी निर्माण केली, आणि तिचा तो स्वभाव अजून गेलेला नाही. पहिली, दुसरी आणि तिसरी अशा पातळ्यांच्या तिन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरी किमान ३६ महिन्यांच्या काळातील ४,००० तासांचा संबंधित अनुभव दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. मिळाल्यावरही दरवर्षी वर्गणी भरावी लागते, आपल्या व्यावसायिक आचरणाविषयी निवेदन द्यावे लागते, आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ती काढून घेतली जाऊ शकते. पदवीला असले काही लागत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या आणि नंतर एकही ताळेबंद न उघडलेल्या माणसाची पदवी आजही तितकीच वैध असते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर सनदेच्या पुस्तकांत जे छापलेले असते त्याचा बराचसा गाभा विद्यापीठांत तयार झाला आहे. हॅरी मार्कोविट्झ यांचा गुंतवणूक-संचाच्या निवडीवरील निबंध १९५२ चा, मोदिग्लियानी आणि मिलर यांचा भांडवल-रचनेवरचा १९५८ चा, विल्यम शार्प यांचा जोखीम आणि परतावा यांच्या नात्यावरचा १९६४ चा, आणि ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या किमतीला खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काच्या, किमतीचे ब्लॅक-शोल्स सूत्र १९७३ चे. हे लिहिणाऱ्यांपैकी अनेकांची बरीच हयात विद्यापीठाच्या आवारात, एकमेकांच्या चुका काढण्यात गेली. सनदेच्या अभ्यासक्रमात ही भांडणे येत नाहीत, भांडणे मिटल्यानंतरचा निकाल येतो. परीक्षेसाठी ते योग्यच आहे, कारण ज्याचे एकच उत्तर बरोबर धरायचे आहे त्यात वादाला जागा ठेवून चालत नाही. मात्र त्यामुळे सनदधारकाच्या डोक्यात हे ज्ञान जन्मतःच घट्ट झालेले असते, आणि ते कधीकाळी मऊ होते याची त्याला कल्पना नसते.

माझ्या बाबतीत हे उघड झाले ते एका बैठकीत. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार (मॉडेलनुसार) कंपनीचे भागभांडवल हा तिच्या मालमत्तेवरील खरेदीचा ऑप्शन समजता येतो, आणि कर्जाची परतफेडीची रक्कम ही त्या ऑप्शनची ठरलेली किंमत. मालमत्तेचे मूल्य कर्जापेक्षा खाली गेले तर भागधारक कंपनी धनकोंच्या हवाली करून मोकळे होतात. या विचारावर आधारलेल्या पद्धतीने मी एका कंपनीच्या थकबाकीची शक्यता काढून समितीपुढे ठेवली. समितीतील एका सदस्यांनी शांतपणे विचारले, ‘‘मालमत्तेच्या मूल्यातील चढउताराचे प्रमाण तुम्ही स्थिर धरले आहे. ते स्वतःच बदलते असेल, आणि मूल्य घसरताना वाढत असेल, तर तुमचा आकडा कोणत्या बाजूला जाईल, आणि का?’’

प्रतिमानाची गृहीतके मला तोंडपाठ होती. ती मी सांगितली. वास्तवात ती पूर्ण होत नाहीत, हेही सांगितले, कारण पुस्तकात पुढचे वाक्य तेच होते. आकडा वाढेल, असेही अंदाजाने म्हणाले. ‘का’ या शब्दापाशी मात्र माझ्याकडे काहीच नव्हते. एखाद्या घरात दहा वर्षे राहावे आणि भिंतीच्या आत कोणती नळी कुठून जाते हे विचारल्यावर प्लंबरचा नंबर शोधावा, तसे झाले. ते सदस्य पुढच्या विषयाकडे वळले, बैठक संपली, प्रस्ताव मंजूरही झाला, आणि त्याच आठवड्यात मी पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहितीपत्रके मागवली.

म्हणजे माझी प्रेरणा स्पष्ट होती असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

पत्र आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी त्या अभ्यासक्रमातील विषयांची यादी आणि सनदेच्या तिन्ही पातळ्यांची विषयसूची शेजारी शेजारी ठेवली आणि जे आधी शिकून झाले आहे त्यावर रेघ मारत गेले. एकूण दहा विषय होते. कंपनी वित्त, वित्तीय विवरणांचे विश्लेषण, समभागांचे मूल्यांकन, कर्जरोखे, गुंतवणूक-संचाचे व्यवस्थापन आणि व्यवसायनीती, अशा सहांवर पूर्ण रेघ पडली. डेरिव्हेटिव्ह (ज्यांची किंमत दुसऱ्या मालमत्तेवर अवलंबून असते असे करार) आणि पर्यायी गुंतवणूक यांवर अर्धी. उरले दोन : कालश्रेणींचे (काळाच्या क्रमाने मिळणाऱ्या आकड्यांचे) अर्थमितीय विश्लेषण, आणि सतत काळातील संभाव्यता-प्रक्रिया (क्षणोक्षणी अनिश्चितपणे बदलणाऱ्या राशींचे गणित). माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर अभिमानाने लिहिले होते की हा अभ्यासक्रम सीएफएच्या विषयसूचीशी मोठ्या प्रमाणात जुळणारा आहे. अनेक विद्यापीठे आता जाणीवपूर्वक तसे करतात, सनद देणाऱ्या सीएफए इन्स्टिट्यूटची संलग्नता मिळवतात, आणि ज्याला पदवीबरोबरच परीक्षाही द्यायच्या आहेत अशा विद्यार्थ्याची त्यात खरोखरच सोय असते. माझ्यासाठी मात्र माहितीपत्रकातील तेच सर्वांत मोठे आकर्षण सर्वांत मोठी उणीव होती.

येथे मार्कोविट्झ यांची आठवण होणे अपरिहार्य होते. त्यांनी दाखवले ते असे की संचात दुसरा रोखा घ्यावा की नाही हे त्या रोख्याच्या एकट्याच्या गुणावरून ठरत नाही. आधीच्या रोख्याशी त्याचा सहसंबंध किती आहे, म्हणजे दोन्ही किती एकत्र वर-खाली होतात, यावरून ठरते. प्रत्येकी २० टक्के जोखमीचे (म्हणजे परताव्यात तितका चढउतार असणारे) दोन रोखे निम्मे-निम्मे घेतले आणि त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, तर संचाची जोखीम सुमारे १४ टक्क्यांवर येते. सहसंबंध ०.८ असेल तर ती १९ टक्क्यांच्या आसपासच राहते. दुसरा रोखा घेतला काय आणि न घेतला काय, फरक एका टक्क्याचा. (याच संशोधनावरील प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, हे अर्थशास्त्र नाही, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी घेतला होता, असे मार्कोविट्झ यांनीच १९९० च्या नोबेल व्याख्यानात सांगितले आहे. विद्यापीठात वाद कसे चालतात याचे हे नमुनेदार उदाहरण.) शिक्षण हा काही रोखा नव्हे आणि उपमा फार ताणू नये, हे मान्य; पण सनदेबरोबर पदवीचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे सरसकट उत्तर का देता येत नाही, हे मला या आकड्यांवरून जितके कळले तितके कोणाच्याही सल्ल्यावरून कळले नव्हते. पदवी चांगली आहे की वाईट, हे विचारून भागत नव्हते. माझ्याजवळ आधी जे आहे त्याच्याशी ती किती सारखी आहे, हे विचारणे भाग होते.

आणि हे सारखेपण वाढत चालले आहे. विद्यापीठे सनदेची विषयसूची आपल्यात सामावून घेत आहेत, तर सनदेने २०२४ पासून पायथन प्रोग्रॅमिंग आणि वित्तीय प्रतिमानांसारखी प्रात्यक्षिके आपल्यात आणली आहेत. २०२५ पासून तिसऱ्या पातळीवर उमेदवाराला गुंतवणूक-संच व्यवस्थापन, खासगी संपत्ती आणि खासगी बाजार यांपैकी एक वाट निवडता येते, म्हणजे ऐच्छिक विषयांची विद्यापीठीय पद्धत तेथेही आली. दोघेही एकमेकांच्या अंगणात उतरत असताना दोन्हीकडे शुल्क भरण्याचे कारण शोधावे लागते.

तरीही, ज्ञान सारखे असले म्हणून दोन्ही कागदांचा अर्थ नोकरी देणाऱ्याच्या नजरेत सारखाच होतो असे नाही. शिक्षणाने माणसाची उत्पादकता वाढते म्हणून त्याचे वेतन वाढते, हा विचार अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये विस्ताराने मांडला. त्यानंतर नऊ वर्षांनी मायकेल स्पेन्स यांनी दाखवले की शिक्षणाने उत्पादकता अजिबात वाढत नसली तरी वेतन वाढू शकते, कारण जे मुळातच सक्षम असतात त्यांना ते शिक्षण पार पाडणे कमी जड जाते आणि पदवी हा त्या क्षमतेचा संकेत ठरतो. या दोन विचारांपैकी कोणता खरा याचा निकाल मी लावणार नाही. संकेताच्या दृष्टीने पाहिले तर पदवी आणि सनद यांची रचना मात्र एकमेकींच्या अगदी उलट आहे. विद्यापीठाचे प्रवेशद्वार अरुंद असते. आत गेलेले बहुतेक सगळे पदवी घेऊन बाहेर पडतात. सनदेच्या परीक्षेला त्या मानाने पुष्कळांना बसता येते, आणि गळती पुढे होते : २०२१ च्या मे महिन्यात पहिल्या पातळीचा निकाल २५ टक्के लागला, जुलैमध्ये २२ टक्के. पदवी सांगते की या माणसाला कोणीतरी अनेकांतून निवडले. सनद सांगते की हा माणूस नोकरी सांभाळून, कोणी पाहत नसताना, वर्षानुवर्षे एकटा बसू शकतो.

म्हणूनच आमच्या विभागात नुकताच लागलेला तेवीस वर्षांचा सहकारी जेव्हा हाच प्रश्न घेऊन माझ्यापाशी आला, तेव्हा मी त्याला बिनदिक्कत ‘जा’ असे सांगितले. त्याची पहिली पातळी झालेली आहे, पदवी इतिहासाची आहे, आणि ज्या गुंतवणूक बँकांत त्याला जायचे आहे त्या बँका नवशिक्यांची भरती विद्यापीठांच्या आवारात जाऊन करतात. सनदेच्या उमेदवारांच्या यादीतून त्या कोणाला बोलावत नाहीत. उन्हाळी उमेदवारी, माजी विद्यार्थ्यांचे जाळे, मुलाखतीची तयारी करून घेणारे कार्यालय हे सगळे त्या शुल्कात येते. परदेशात काम करायचे असेल तर तेथील पदवीमुळे काही देशांत कामाचा परवानाही मिळू शकतो. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने, आणि अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत मोडत असेल तर आणखी २४ महिने काम करता येते. सनद जगभर ओळखली जात असली तरी ती कोणत्याही सीमेवर दाखवून आत जाता येत नाही.

असेही काही व्यवसाय आहेत जेथे हा प्रश्न निवडीचा राहतच नाही. अमेरिकेत सीपीए, म्हणजे परवानाधारक लेखापाल, होण्यासाठी बहुतेक राज्यांत दीर्घकाळ १५० श्रेयांक-तासांची अट होती, चार वर्षांच्या पदवीत साधारण १२० भरतात, आणि उरलेले ३० भरून काढण्यासाठी हजारो जणांनी पदव्युत्तर पदवी घेतली. अलीकडे काही राज्यांनी ही अट सैल केली आहे. विद्यापीठात शिकवायचे किंवा संशोधन करायचे असेल तर पदवीला पर्याय नाही, तेथे सनद दाखवली तर लोक सभ्यपणे मान डोलावतात. माझे काम यांपैकी कशातच मोडत नव्हते.

दुसऱ्या रविवारी मी एक्सेल उघडले. वार्षिक वेतन १०० धरले. शुल्क आणि राहण्याचा वाढीव खर्च मिळून साधारण तितकाच होता, आणि वर्षभर नोकरी सोडल्यामुळे बुडणारे वेतन आणखी १००. म्हणजे गुंतवणूक २०० ची. पदवीमुळे वेतन १० टक्क्यांनी वाढेल असे धरले तर दरवर्षी १० जास्त मिळतात. वटाव दर (भविष्यातील पैशांचे आजचे मूल्य काढण्याचा दर) ८ टक्के धरल्यास अनंत काळपर्यंत दरवर्षी मिळणाऱ्या १० चे आजचे मूल्य १२५ होते, तेव्हा २०० कधीच वसूल होत नाहीत. अमर झाले तरी नाहीत. वाढ २० टक्के धरली तर वसुलीला जवळजवळ २१ वर्षे लागतात. माझे वय चौतीस आहे. त्याच गणितात त्या तेवीस वर्षांच्या सहकाऱ्याला बसवले, त्याचे आजचे वेतन ४०, शुल्क तेच १००, आणि पदवीनंतरची पहिली नोकरी ७० ची धरली, तर त्याचे पैसे सुमारे सहा वर्षांत परत येतात. पदवी तीच, विद्यापीठही तेच.

यानंतर मी जे केले ते लिहायला थोडा संकोच वाटतो. मी वाढीचा दर २५ टक्के केला. मग वटाव दर ६ वर आणला. मग पदवीमुळे दोन वर्षे आधी बढती मिळेल अशी एक ओळ घातली, आणि उत्तर हिरव्या रंगात आले. ही युक्ती मी दुरून ओळखते, कारण ती पकडण्याचे मला वेतन मिळते. कर्ज मागणाऱ्या कंपन्यांच्या अंदाजपत्रकांत पाचव्या वर्षानंतरचा वाढीचा दर असाच हळूच अर्ध्या टक्क्याने उचललेला असतो, आणि मी समासात ‘आधार?’ असे लिहून ते परत पाठवते. माझ्या स्वतःच्या एक्सेलच्या समासात मी तोच शब्द लिहिला आणि उत्तर शोधू लागले, तेव्हा आधार म्हणण्यासारखे काहीही सापडले नाही. माझ्या कामात दहा वर्षांच्या अनुभवासमोर दोन्ही कागद मागे पडतात. मुलाखतीत शेवटचे प्रश्न नेहमी मी कोणती कर्जे नाकारली आणि पुढे त्यांचे काय झाले याविषयी असतात.

आकडे नाही म्हणत होते, तरी मन होकाराकडे का ओढत होते, हे मला समजत नव्हते. ते माझ्या वरिष्ठ बाईंच्या लक्षात आले. त्यांनी माझे सगळे म्हणणे ऐकून घेतले, मर्टन यांच्या प्रतिमानाचा प्रसंगही, आणि इतकेच विचारले, ‘‘तुला शिकायचे आहे की सुटायचे आहे?’’ मी लगेच ‘शिकायचे आहे’ असे म्हणाले. इतक्या लगेच की आम्हा दोघींनाही ते खरे वाटले नाही.

त्या रात्री मी त्या वर्षाची कल्पना करताना डोळ्यांपुढे काय येते हे तपासून पाहिले. ग्रंथालयाची खिडकी आली. दुपारी रिकामे असणे आले. तिमाही अखेरीस रात्री अकरापर्यंत न थांबणे आले. माझ्या त्या एक वर्षाच्या चित्रात एकही समीकरण नव्हते. दहा वर्षे सलग काम केलेल्या माणसाला विश्रांती हवी असावी यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण विश्रांतीसाठी दोन वर्षांच्या वेतनाइतका खर्च करण्याची आणि तिला पदव्युत्तर शिक्षण म्हणण्याची गरज नव्हती. रजा माझी शिल्लक होती.

मात्र हा सगळा भाग वजा केल्यावरही काहीतरी उरत होते, आणि तेच या तीन आठवड्यांत मला सर्वांत अनपेक्षित होते. सनदेचा अभ्यास मी जसा केला तसाच बहुतेक जण करतात. प्रत्येक पातळीला ३०० तास लागतात असे म्हणतात. मला दुसऱ्या पातळीला त्याच्या दुप्पट लागले, कारण ती मी दोनदा दिली. पहाटे पाच ते साडेसात, जाड पुस्तके, रंगीत खुणा, आणि मग प्रश्नसंच. पहिल्या पातळीवर प्रश्नामागे ९० सेकंद मिळतात. जुन्या कागदी परीक्षेत सहा तासांत २४० प्रश्न असत, आता संगणकावर साडेचार तासांत १८० असतात, ९० सेकंद मात्र तेच राहिले आहेत. ९० सेकंदांत ‘का’ विचारायला वेळ नसतो. हळूहळू मनालाही तशी सवय लागते. शंका आली की ती परीक्षेत येण्याजोगी आहे का हे आधी पाहिले जाते, आणि नसेल तर पान उलटले जाते. ज्या ‘का’पाशी मी त्या बैठकीत अडले, त्याच्यावरून मी काही वर्षांपूर्वी स्वतःच पुढे गेले होते, आणि ते पान मला आजही दाखवता येईल.

शिवाय त्या अभ्यासात कोणीही मला चुकलीस असे म्हटले नाही. उत्तरपत्रिका परत मिळत नाही. दुसऱ्या पातळीत अनुत्तीर्ण झाले तेव्हा कोणते विषय कच्चे पडले याचा एक आलेख आला, पण माझ्या विचारात नेमकी चूक कोठे होती हे सांगणारा एकही शब्द आला नाही. तिसऱ्या पातळीवर काही उत्तरे लिहून द्यायची असतात. ती कोणीतरी वाचली, त्यांवर गुण दिले, आणि त्या वाचकाला माझ्याविषयी काय वाटले ते त्याच्यापाशीच राहिले. शाळेत गणिताच्या वहीत चुकलेल्या पायरीखाली लाल रेघ असे आणि शेजारी प्रश्नचिन्ह असे. उत्तर बरोबर येऊनही पायरी चुकलेली असली तर बाई अर्धा गुण कापत, आणि तेव्हा त्याचा संताप येई. माझ्या गरजेला नाव द्यायचे तर ती ती लाल रेघ होती. ती देण्याचे काम सनदेचे नाही, चांगल्या शिक्षकाचे आहे, आणि चांगले शिक्षक प्रामुख्याने विद्यापीठांत भेटतात.

म्हणजे पदवी नको, पण विद्यापीठ हवे, अशा अवघड जागी मी येऊन पोहोचले. तिसरा आठवडा सुरू झाला होता. मी पुन्हा ती दहा विषयांची यादी काढली. रेघ न पडलेले दोन विषय माझ्याकडे पाहत होते, आणि त्या दोन्हींच्या खाली पूर्वतयारी म्हणून एकच ओळ होती : संभाव्यता आणि सांख्यिकी, पदवीच्या अंतिम वर्षाइतकी. माझी सांख्यिकी सनदेपुरती होती, म्हणजे कसोटी कोणती वापरायची हे येते, ती का चालते हे येत नाही. तो अभ्यासक्रम स्वीकारला असता तरी ते वर्ष आठ ओळखीचे विषय पुन्हा ऐकण्यात आणि दोन अनोळखी विषयांत धापा टाकण्यात गेले असते.

दोन विषयांसाठी दहांचे शुल्क भरण्यापेक्षा त्या दोन विषयांच्या मुळाशी जावे, हा विचार इतका साधा होता की तो आधी का सुचला नाही याचेच नवल वाटले. बहुधा मी सुरुवातीपासून ‘वित्तशास्त्रातील पदवी’ हा शब्दसमूह अखंड धरून चालले होते. नावातले वित्तशास्त्र मी बदलू शकते हे ध्यानातच आले नाही, कारण परिचयपत्रात सनदेच्या खाली तेच शोभून दिसले असते. सांख्यिकीचा एक अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, संध्याकाळच्या वर्गांचा, तीन वर्षांचा, दर आठवड्याला गृहपाठ तपासून परत देणारा. नोकरी सोडावी लागत नसल्यामुळे बुडणाऱ्या वेतनाची ओळ एक्सेलमधून पूर्ण पुसली गेली. उत्पन्नात वाढीची ओळ मी या वेळी शून्यच ठेवली, आणि तरीही खर्च झेपत होता.

याने माझी बढती होईल का? मला तसे वाटत नाही. आमच्या क्षेत्रात सनदेशेजारी सांख्यिकीची पदवी पाहून कोणी थबकेल असे नाही, आणि जोखीम मोजण्याच्या विभागात जायचे असते तर जोखीम व्यवस्थापकांच्या एफआरएम या प्रमाणपत्राच्या दोन परीक्षांनी ते कमी वेळात साधले असते. वरिष्ठ बाईंना सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे सुटका नाहीच.’’ संध्याकाळी सहानंतर तिमाही अखेरीचे काम कसे करणार, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्याचे पूर्ण उत्तर अजून माझ्याकडे नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी नकाराचे पत्र पाठवले. अर्जाचे शुल्क, प्रवेश परीक्षेची फी आणि तिच्या तयारीत गेलेले तीन महिने हे सगळे बुडीत खर्चात जमा झाले; बुडीत खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय करू नये हे मी पहिल्या पातळीतच शिकले होते, तरी पत्र पाठवताना हात किंचित अडखळला. मग सांख्यिकीच्या अभ्यासक्रमाचा अर्ज उघडला. हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे, असा त्यातही रकाना होता. वित्तशास्त्राच्या अर्जातील याच रकान्यासाठी मी चार मसुदे केले होते, आणि चौथ्यातही ‘जागतिक भांडवली बाजारांची सखोल जाण’ असे काहीतरी होते. या वेळी मी त्या बैठकीत मला विचारलेला प्रश्न जसाच्या तसा उतरवला, त्याखाली मी दिलेले उत्तर लिहिले, आणि त्या उत्तरात काय कमी होते ते तीन ओळींत लिहून अर्ज पाठवून दिला.